ऑइलच्या झाकणावरचा हात

औशाच्या अमरनाथ मिस्त्रीनं इंजिनावर हात ठेवून "गेलं" म्हटलं की ते गेलं. त्यावर अपील नव्हतं. लातूरच्या शोरूमवाल्यांनी चार कागद छापून हातात दिले तरी तालुक्यातला माणूस ते घडी घालून खिशात ठेवायचा आणि विचारायचा, "ते समदं ऱ्हाऊ द्या. अमरनाथ काय म्हनला?"

हा मान त्याला कुणी ताटात वाढून दिला नव्हता. सोलापूर रस्त्याला त्याचं पत्र्याचं गॅरेज बत्तीस वर्षं उभं होतं. काळीपिवळी जीप, ट्रॅक्टर, वऱ्हाडाच्या गाड्या, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. माणूस कमी बोलायचा आणि जे बोलायचा ते खरं निघायचं. नको तो पार्ट कुणाच्या गळ्यात मारायचा नाही, खोटं दुखणं काढायचा नाही. चुकला तर काय करायचा, हे मात्र कुणाला सांगता आलं नसतं, कारण तो चुकल्याचं कुणी ऐकलंच नव्हतं. त्यामुळं त्याला स्वतःलाही चुकण्याची सवय नव्हती.

त्याची परीक्षा ठरलेली होती. इंजिन चालू ठेवायचं, ऑइल ओततात ते वरचं झाकण उघडायचं आणि त्या भोकावर उजवा तळवा धरायचा. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की जळालेला गॅस त्यांच्या फटीतून खाली, ऑइलच्या पोटात उतरतो, आणि झाकण काढलं की फुसफुस करत वर येतो. तळव्याला फुंकर लागली की इंजिन खोलायला झालं. नाही लागली की धडधाकट. तो डोळे मिटून हात धरायचा आणि गाडीचा मालक तेवढा वेळ श्वास रोखून उभा राहायचा. हा नियम खोटा नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. फक्त तो अर्धा होता.

यंत्रांचं त्याला वावडं. डॅशबोर्डावर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेली गाडी आली की तो पाना घेऊन आधी बॅटरीची तार सोडायचा, चहा पिऊन होईस्तोवर तशीच ठेवायचा आणि परत जोडायचा. दिवा गप्प. "त्या दिव्याला काय अक्कल हाय?" तो म्हणायचा. "पेट्रोलचं झाकन ढिलं ऱ्हायलं तरी बोंबलतंय." लोक हसायचे. आणि खरंच, दिवा पुन्हा लागला तरी कोण एवढ्या-तेवढ्यासाठी परत येतंय!

दुसरी गोष्ट दोऱ्याची. दर नवरात्रात अमरनाथ माहूरला जायचा आणि रेणुकामातेच्या पायाला लावलेले लाल-पिवळे दोरे पिशवीभर घेऊन यायचा. औसा, निलंगा, शिरूर अनंतपाळ भागात नवी गाडी आली की आधी मालकीण ओवाळणार, मग अमरनाथ दोरा बांधणार. तो आरशाला नाही, स्टिअरिंगला नाही, इंजिनालाच. "चालतंय कोन? इंजिन. मंग नजर कुनाला लागंल?" असं त्याचं सरळ गणित. जुन्या जीपला बांधायला लोखंडी कड्या होत्या. नव्या गाड्यांचं बॉनेट उघडावं तर सगळं प्लास्टिकनं झाकलेलं, बोट घालायला जागा नाही. ऑइलच्या झाकणाशेजारी एक काळा रबरी पाइप तेवढा मोकळा दिसायचा. मग दोरा त्यालाच. सात वेढे आणि दात लावून आवळलेली गाठ. आवळायलाही कारण होतं: ढिला दोरा सुटून फिरत्या पट्ट्यात गेला तर भलतंच होऊन बसायचं. अशा पन्नासेक गाड्या तरी त्या भागात फिरत होत्या.

शिरूर अनंतपाळच्या आप्पासाहेबांची गाडी त्यातलीच. आप्पासाहेब म्हणजे बारा एकराचे मालक, बोलायला कडक, हिशेबाला सरळ. एकुलता मुलगा शिवम नांदेडला बियाण्याच्या कंपनीत लागला आणि दुसऱ्याच वर्षी त्यानं आईवडिलांसाठी पांढरी गाडी घेऊन दारात उभी केली. आप्पासाहेब कौतुकाचा एक शब्द बोलले नाहीत. पण ती धुवायला दुसऱ्या कुणाला देईनात, यावरून काय ते ओळखावं. अमरनाथनं दोरा बांधला, पेढा खाल्ला. दीड वर्षानं शिवम सुटीला आला, मित्रांना घेऊन त्याच गाडीनं माहूरला गेला, आणि परत आला तो मागं निळा धूर सोडत. डॅशबोर्डावर पिवळा दिवा.

बापलेक दोघं गाडी घेऊन औशाला आले. अमरनाथनं आधी दिवा गप्प केला. मग ऑइलची पट्टी काढून पाहिली, ऑइल तळाला. मग झाकण उघडून तळवा धरला, तर फुंकर अशी लागली की त्यानं हात मागं घेतला.

"रिंगा गेल्या," तो म्हणाला. "ऑइल नसताना घाटात पळवली हाय कुनीतरी. इंजिन खाल्लं."

कुणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता. शिवम म्हणाला, "आप्पा, निघताना मी पट्टी बघितली होती. ऑइल भरलेलं होतं. आन मी पळवली पण न्हाई."

आप्पासाहेबांनी त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "अमरनाथचा हात खोटं बोलत न्हाई," ते म्हणाले. "तू बोलतोस."

झालं! गाडी महिन्याभरात लातूरच्या एका दलालाकडं पडत्या भावात गेली. शिवम नांदेडला गेला तो परत आलाच नाही. दोन दिवाळ्या झाल्या, चुलतभावाचं लग्न झालं. आठवड्यातून एकदा आईला, कस्तुराबाईंना, त्याचा फोन यायचा. आप्पासाहेब फोन मागायचे नाहीत आणि तो द्यायला सांगायचा नाही. अमरनाथच्या कानावर हे सगळं आलं होतं. पोरं चुकतात, बापाला राग येतो, त्यात मिस्त्रीचा काय संबंध, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं.

यंदा होळी झाल्यावर एक पांढरी गाडी त्याच्या शेडखाली येऊन थांबली. उतरल्या त्या सुकन्या मॅडम, लातूरहून रोज औशाच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला येणाऱ्या. गाडी त्यांनी सहा महिन्यांपूर्वी जुनी म्हणून घेतलेली. ऑइल पितेय, धूर सोडतेय, दिवा लागतोय, अशी तक्रार.

अमरनाथ पाना घेऊन बॅटरीकडं निघाला.

"अहो मिस्त्री, थांबा! काय करताय?"

"दिवा घालवतो."

"ताप आला तर तुम्ही थर्मामीटर फोडता का?" मॅडमनी पर्समधून काडेपेटीएवढं यंत्र काढलं, स्टिअरिंगखाली कुठंतरी खोचलं आणि मोबाइल त्याच्यापुढं धरला. "हा बघा कोड. पी शून्य पाच दोन ई. वाचा."

"मला काय वाचायला लावता मॅडम, मी सातवी नापास."

"मग ऐका."

मॅडमनी वाचून दाखवलं. क्रँककेसमधला गॅस बाहेर नेणारी व्यवस्था नीट चालत नाही, असा त्याचा अर्थ. क्रँककेस म्हणजे इंजिनाचं खालचं पोट, हे अमरनाथला कुणी सांगायला नको होतं. त्या पोटातला गॅस बाहेर काढावा लागतो, हेही ठाऊक होतं. जुन्या जीपची तसली नळी उघडी खाली लोंबकळायची. पण नव्या गाडीत ती नळी कुठून कुठं जाते, याच्याकडं त्यानं कधी लक्षच दिलं नव्हतं.

"रिंगा चांगल्या असल्या तरी थोडा गॅस खाली उतरतोच," मॅडम वर्गात सांगावं तसं सांगू लागल्या. "तो साठू नये म्हणून पाइप असतो. त्यातून तो परत वर जाऊन हवेबरोबर जळून जातो. पाइप तुंबला की पोटात दाब वाढतो. मग ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं, नाहीतर वर चढून जळतं आणि धूर होतो. झाकण काढलं की फुंकर येते."

"फुंकर तर रिंगा गेल्यावर येते."

"रिंगा गेल्यावर येते, आणि पाइप तुंबल्यावरही येते. नुसत्या फुंकरीवरून कसं ओळखणार तुम्ही?"

बत्तीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्याला राग आला. कॉलेजातल्या बाईनं आपल्याला फुंकर शिकवावी! त्यानं तडक बॉनेट उचललं.

बॅटरीला आवळायला सायकलच्या स्पोकची वाकवलेली कडी होती. ती कडी त्यानंच वाकवली होती. त्यानं पुढं जाऊन नंबर पाहिला. आप्पासाहेबांची गाडी.

आणि झाकणाशेजारच्या पाइपावर दोरा होता. ऑइलनं काळा पडलेला, सात वेढ्यांचा, गाठ त्याच्याच दातांनी आवळलेली. तापून तापून आणि ऑइलच्या वाफा खाऊन रबर मऊ झालं होतं आणि दोरा त्यात रुतत गेला होता. तेवढ्या जागी पाइप करंगळीएवढा उरला होता. त्यानं दोरा ब्लेडनं कापला, पाइप काढून उभा चिरला. आत चहाच्या गाळासारखी काळी घाण साठून वाट पार बुजलेली.

"कुणी बांधला असेल हो हा?" मॅडमनी सहज विचारलं.

"असंल कुनीतरी," अमरनाथ म्हणाला. "श्रद्धा असतेय एकेकाची."

नवा पाइप दुसऱ्या दिवशी लातूरहून आला. तो बसवून, ऑइल भरून त्यानं इंजिन चालू केलं, झाकण उघडलं आणि तळवा धरला. फुंकर नाही. वहीचं पान भोकावर ठेवलं तर ते उडालं नाही, उलट हलकेच चिकटून बसलं. त्यानं चार वेळा झाकण लावलं, चार वेळा काढलं, आणि चारही वेळा पान तसंच बसलं.

"आठ दिवस चालवा," तो मॅडमना म्हणाला. "ऑइल उतरलं तर रिंगा. न्हाई उतरलं तर..."

त्या आठ दिवसांत अमरनाथनं काय केलं ते सांगतो. जमतील तेवढ्या गाड्या त्यानं "दोरा जुना झाला, काढायला या" म्हणून बोलावून घेतल्या आणि दोरे कापले. बत्तीस आल्या. नऊ गाड्यांचे पाइप दबलेले निघाले. ते त्यानं स्वतःहून बदलले आणि कशाला म्हणून विचारलं तर "रबर म्हातारं झालं हुतं" म्हणाला. आणि रोज सकाळी दुकान उघडताना देवीच्या फोटोपुढं हात जोडून तो नवस बोलला. काय बोलला? मॅडमच्या गाडीच्या रिंगा खराब निघू देत! लोकांची इंजिनं बरी राहावीत म्हणून दोरे वाटणारा माणूस एका इंजिनाचं वाटोळं मागत होता. कारण ते इंजिन गेलेलं निघालं असतं तर शिवम खोटा आणि अमरनाथ खरा, जिथल्या तिथं राहिलं असतं.

आठ दिवसांनी मॅडम आल्या. त्यानं पट्टी पुसून आत घातली, परत काढली. ऑइल वरच्या रेघेवर, तसूभर हललेलं नाही.

"लोक म्हणतात ते खरं आहे हं मिस्त्री," मॅडम खुशीत म्हणाल्या. "तुमच्या हाताला..."

"हाताचं नाव काढू नका मॅडम," तो तोडून बोलला आणि त्यानं बॉनेट आपटलं.

संध्याकाळी बायको गुणाबाई भाकरी थापत होती, तेव्हा त्यानं तिला सगळं सांगितलं. तिनं थापता थापता विचारलं, "हे आनिक कुनाला ठावं हाय का?"

"न्हाई."

"मंग गप ऱ्हावा की. बत्तीस वर्षांचं नाव हाय. उगं आपल्या हातानं धोंडा पाडून घ्यायचा का पायावर?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, उलटली, निखाऱ्याला लावून फुगवली आणि त्याच्या ताटात घातली. त्यानं तुकडा मोडला आणि तसाच धरून बसला. तिनं ते पाहिलं.

"त्या कस्तुराबाईला एकच लेकरू हाय न्हवं?" ती म्हणाली. "जावा. सांगून या. नाव ऱ्हाईल न्हाईतर जाईल. पर तुमच्या घशाखाली घास उतराया पायजे."

सकाळी तो मोटारसायकल काढून शिरूर अनंतपाळला निघाला. वाटेत दोनदा थांबला. भीती वाटत होती, हे त्यानं नंतर गुणाबाईजवळ कबूल केलं. आप्पासाहेब अंगणात हरभरा वाळत घालत होते. "ये अमरनाथ, बस," ते म्हणाले आणि आत ओरडले, "अगं, चहा ठेव. अमरनाथ आलाय."

"चहा नगं," अमरनाथ म्हणाला. "उभ्यानंच सांगतो, मंग तुम्ही म्हनाल तर बसतो." त्यानं फडकं सोडून चिरलेला पाइप आणि काळा दोरा त्यांच्या हातात दिला. "तुमच्या गाडीचा हाय. दोरा मी बांधला. त्यानं हा पाइप आवळला. आतला दाब वाढून वाटेत ऑइल बाहेर पडलं, जळलं. इंजिन बरं हुतं, आजबी बरं हाय, मी आठ दिवस बघितलं. तुमच्या पोरानं पळवली नव्हती. मी चुकलो आन दोष त्याच्यावर घातला."

आप्पासाहेबांनी पाइप उलटसुलट केला. चीर मिटवून दबल्या जागेत करंगळी घालून पाहिली, ती जाईना. मग त्यांनी विचारलं, "आज कसं कळलं तुला?"

"मशीननं सांगितलं. कोड असतोय त्याचा."

"दिवा तर तवाबी लागला हुता."

"लागला हुता," अमरनाथ म्हणाला. "मी बंद केला."

कस्तुराबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. मोबाइल काढून नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन अमरनाथपुढं धरला. "शिवा, औशाचे मिस्त्री आल्यात. त्यांचं ऐकून घे."

अमरनाथनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दोरा, पाइप, कोड, सगळं. लाजेनं त्याचे कान तापले होते. पलीकडून नांदेडच्या रस्त्यावरचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. मग शिवम बोलला.

"काका, दोरा होता का पाइप होता, मला काय करायचंय? मी पळवली न्हाई हे मला त्याच दिवशी म्हाईत होतं. आप्पा हायत का तिथं?"

"हायत. ऐकायलेत."

"मग त्यांना सांगा. तेव्हा त्यांनी तुमच्या हाताचं ऐकलं. आज मशीनचं ऐकायलेत. माझं कधी ऐकणार हायत ते?"

अमरनाथला वाटलं, आता आप्पासाहेब उसळणार. ते उसळले नाहीत. ते उठले, फोन हातात घेतला आणि तोंडाशी अगदी जवळ धरला.

"शिवा," ते म्हणाले. "त्या दिवशी काय झालं हुतं, ते तू सांग. निघाल्यापासून सांग. मी मधी बोलत न्हाई."

मग शिवम सांगायला लागला, आधी अडखळत, मग सरळ. निघायच्या आधी दारातच पट्टी काढून पाहिली होती, फडक्यानं पुसून परत घालून पाहिली होती, आई तिथंच उभी होती.

आप्पासाहेबांनी कस्तुराबाईंकडं पाहिलं.

"उभी हुते," त्या म्हणाल्या. "मला कुनी इचारलं?"

शिवम सांगत होता. जाताना काही झालं नव्हतं. घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढवला. येताना हदगावच्या अलीकडं जळका वास आला आणि दिवा लागला. लागल्या लागल्या त्यानं गाडी बाजूला घेऊन बंद केली. मित्र म्हणाले, चल रे, काही होत नाही. तो म्हणाला, न्हाई, आधी आप्पांना विचारतो.

"पहिला फोन तुम्हालाच लावला होता, आप्पा. तीनदा लावला. तुम्ही रानात असाल. फोन घरीच वाजत असंल."

आप्पासाहेब मधे बोलले नाहीत. फक्त "हाव... हाव..." म्हणत राहिले. एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात चिरलेला पाइप, म्हणून डोळ्यांतलं पाणी पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता, आणि पोरगं अजून सांगत होतं.